साहेबांचा मेल, आपला मोबाइल

(शहापूर व मुरबाड तालुक्यांत सरकारी नोकरीत नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी प्राथमिक मार्गदर्शिका)

नियुक्तीबद्दल अभिनंदन. टेबल मिळेल, खुर्चीही बहुधा मिळेल. कार्यालयीन मोबाइलबद्दल विचारून पहिल्याच दिवशी हसे करून घेऊ नये. स्वतःचा फोन खिशात आहे ना? मग झाले. रुजू अहवालावर सही होण्याआधीच तुमचा नंबर तीन ग्रुपांत गेलेला असेल आणि तिथून पुढे तो फोन फक्त हप्ते भरण्यापुरता तुमचा.

सरकार फोन देतच नाही, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. अंगणवाडी सेविकांना पोषण अभियानातून पॅनासॉनिकचे फोन मिळाले होते. रॅम दोन जीबी. मग पोषण ट्रॅकर हे अ‍ॅप आले, तेही इंग्रजीतून, आणि फोन जागच्या जागी गोठू लागले. ऑगस्ट 2021 मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी ते फोन साभार परत केले. फोन परत करता येतो. ‘आजची माहिती भरली का?’ हा मेसेज परत करण्याची सोय अजून निघालेली नाही.

त्याच्या महिनाभर आधी, जुलै 2021 मध्ये, सामान्य प्रशासन विभागाने एक परिपत्रक काढले होते. कार्यालयीन कामासाठी शक्यतो लँडलाइन वापरा, मोबाइल गरजेपुरताच, आणि त्यावर बोलताना हळू बोला. हे पाठ करून ठेवावे. डोळखांबच्या पुढे किंवा टोकावड्याच्या वरच्या पाड्यांवर रेंज शोधत फिरताना, ‘हॅलो, आवाज येतोय का?’ हे हळू आवाजात कसे म्हणायचे याचा सराव करता येतो.

आता मेल. सरकारी खाते मिळाले तर त्याचा पासवर्ड सोपा ठेवावा. आडनाव आणि त्यापुढे 123 ही परंपरा आहे. तो मॉनिटरला चिकटवावा, म्हणजे तुम्ही शिबिराला गेलात तरी ऑपरेटरचे अडणार नाही. फेब्रुवारी 2015 मध्ये केंद्राचे ई-मेल धोरण आले. सरकारी खात्याचा पासवर्ड खाजगी मेल कंपनीच्या हवाली करायचा नाही, सरकारी मेल तिथे उतरवून घ्यायचा नाही, असे त्यात स्वच्छ लिहिले होते. ते वाचावे आणि मग सगळ्यांसारखा जीमेलचाच पत्ता द्यावा, कारण वरून येणारे पत्रच तिथे आलेले असते.

खात्याला जास्तीचे कुलूप म्हणून एनआयसीने ‘कवच’ नावाचे अ‍ॅप काढले. 2022 मध्ये पाकिस्तानशी जोडल्या जाणाऱ्या हॅकरांच्या टोळीने हुबेहूब नकली कवच बनवून सरकारी कर्मचाऱ्यांपुढे टाकले. त्यासाठी गुगलवर जाहिरातीही दिल्या. तेव्हा कुठलेही सरकारी अ‍ॅप गुगलवर शोधून पहिल्याच लिंकवरून घ्यावे. नकलीवाल्यांनीही मेहनत घेतलेली असते.

खरे तर मेल मेलमध्ये वाचायचा नसतोच. तो साहेबांच्या फोनवर उघडतो, साहेब त्याचा फोटो काढतात, फोटो ग्रुपवर पडतो, विस्तार अधिकारी त्यावर लाल गोल करतात आणि ‘तातडीचे, आजच’ असे लिहून पुढच्या ग्रुपला ढकलतात. तुमच्याकडे पोहोचेपर्यंत जावक क्रमांक दिसेनासा झालेला असतो, सोबतची यादी मात्र ठळक दिसते: नाव, वय, आधार क्रमांक, खाते क्रमांक, कुपोषणाची श्रेणी. या ग्रुपात कोण कोण आहे हे तपासू नये. दोन वर्षांपूर्वी बदली होऊन गेलेले भाऊसाहेब आहेत, एका माजी सदस्याचे चिरंजीव आहेत, आणि एक नंबर असा आहे की तो कोणाचा हे अ‍ॅडमिनलाही सांगता येत नाही. तो रोज सकाळी सुविचार टाकतो, म्हणून कोणी काढत नाही.

यादी आली की फोनच्या गॅलरीत आपोआप उतरते आणि तिथून, सेटिंग तसे असेल तर, गुगलच्या साठ्यात. 2024 च्या पावसाळ्यात ‘लाडकी बहीण’ योजनेचे अर्ज ‘नारीशक्ती दूत’ अ‍ॅपवरून भरले गेले, तेव्हा किती सेविकांच्या खाजगी फोनमध्ये किती बायकांची आधार कार्डे आणि पासबुके जाऊन बसली, याचा हिशेब कोणी मागितला नाही. वीटभट्टीवरून परतलेल्या कातकरी बाईने मोठ्या विश्वासाने पासबुकाचे पहिले पान पुढे केले. ते पान आता सेविकाताईंच्या भाच्याच्या बारशाच्या फोटोंशेजारी आहे. भाचा मोठा झाला आहे आणि त्याच फोनवर गेम खेळतो. ही गोष्ट मला विनोदी वाटत नाही, पण मार्गदर्शिकेत भावनांना जागा नसते, म्हणून पुढे जाऊ.

मुरबाड तालुक्यातल्या धसईला डिसेंबर 2016 मध्ये राज्यातले पहिले कॅशलेस गाव म्हणून जाहीर केले, तेव्हा व्यवहार स्वाइप मशीनवर होते. मशीन दुकानात राहायचे, साहेबांचा मेल कचेरीत. आता बँक, कचेरी आणि गॅलरी एकाच काचेमागे आहेत, त्यामुळे चोराची तीन ठिकाणची पायपीट वाचते. हिंगोलीत एका सरकारी कर्मचाऱ्याला ऑगस्ट 2025 मध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका आली. दिसायला पीडीएफ, निघाली एपीके फाइल. उघडली आणि खात्यातून एक लाख नव्वद हजार रुपये गेले. आपल्याकडे लग्नसराईत पत्रिका न उघडणे म्हणजे भावकी तोडणे. तेव्हा उघडावी.

स्क्रीन फुटली तर फोन एसटी स्टँडजवळच्या दुकानात टाकावा. मुलगा पॅटर्न विचारेल, तो सांगावा. चिठ्ठीवर काढून फोनच्या पाठीला चिकटवला जाईल. अगदीच बंद पडला तर दारावर येणाऱ्या ‘जुना मोबाइल द्या, टब-बादली घ्या’वाल्याला द्यावा. 2024 मध्ये तेलंगणात पोलिसांनी गावोगाव फिरून जमवलेले असे चार हजारांहून अधिक फोन पकडले. ते झारखंडकडच्या सायबर ठगांकडे निघाले होते. बादली मात्र टिकाऊ असते.

यातूनही पैसे गेलेच तर 1930 वर ताबडतोब फोन लावावा, जितका लवकर तितके पैसे वाटेत अडण्याची शक्यता जास्त. या मार्गदर्शिकेतले हे एकच वाक्य गांभीर्याने घ्यायचे आहे. फोन चोरीला गेला असेल तर शेजारच्याचा मागून घ्यावा. नंतर कार्यालयाला लेखी कळवावे. उत्तर येईल: फोन खाजगी असल्याने कार्यालयाचा संबंध नाही, तथापि त्यातील याद्या आज सायंकाळपर्यंत पुन्हा ग्रुपवर टाकाव्यात.

पोलीस ठाण्यात जाण्यासाठी अर्ध्या दिवसाची रजा लागेल. तिचा अर्ज कागदावर, दोन प्रतींत द्यावा. मेलवरचा ग्राह्य धरत नाहीत.