खबीबनं आईचं ऐकलं, पण…

"वहिनी, रात्री तुमच्याकडे कसला हो आरडाओरडा?"

"आमचा नातू! खबीबच्या जुन्या लढती लावून बसतो. रशियातल्या दागेस्तानचा तो, केसाळ टोपीवाला. २०२० मध्येच खेळ सोडला त्यानं, पण आमच्या घरात अजून रोज जिंकतोय."

"माहितीय की! एकोणतीस लढती, एकही हार नाही. आमचे हे म्हणतात, एमएमएत, म्हणजे मिश्र मार्शल आर्ट्समध्ये, ठोसे-लाथा सगळं चालतं, पण हा पठ्ठ्या कुस्तीवरच जिंकायचा. एकदा खाली घेतला की समोरचा उठतोय कसला!"

"लहानपणी अस्वलाच्या पिल्लाशी झोंबायचा म्हणे. बापच वस्ताद. त्यानंच व्हिडिओ काढलाय."

"अगं बाई! आणि आई बघत बसली?"

"आईचं नंतर सांगते. आधी त्याच्या त्या वैऱ्याचं, मॅकग्रेगरचं ऐका. खबीबनं हॉटेलात त्याच्या मित्राला दम भरला, तर हा आयर्लंडहून माणसं घेऊन ब्रुकलिनला हजर! एप्रिल २०१८ ची गोष्ट. खबीब बसला होता त्या बसवर सामान वाहायची ढकलगाडीच भिरकावली, काचा फुटल्या. मग बापावर, धर्मावर वाट्टेल ते बोलला. ऑक्टोबरात लास वेगासला गाठ पडली. चौथ्या फेरीत खबीबनं असा आवळला की मॅकग्रेगरनं हात आपटून हार मानली."

"झालं की मग."

"कुठलं! खबीब जाळीवरून उडी मारून थेट मॅकग्रेगरच्या साथीदाराच्या अंगावर. पाच लाख डॉलर दंड, नऊ महिने बंदी. पत्रकारांसमोर माफी मागितली, वर म्हणतो, आता घरी गेल्यावर बाबा मला चोपणार!"

"गुणी बाळ! पण मी सांगू का, विजेतेपदाचा पट्टा त्यानं तीनदाच राखला. मॅकग्रेगर, पॉरिये, गेजी. आणि त्या टोनी फर्ग्युसनशी लढलाच नाही, त्याचं काय?"

"ते लग्न पाचदा ठरलं नि पाचदा मोडलं हो. एकदा याची बरगडी, एकदा त्याचं फुप्फुस, एकदा वजन उतरवता उतरवता हा दवाखान्यात, एकदा तो वायरला अडखळून पडला, शेवटी कोरोना."

"म्हणूनच म्हणते, हरायच्या आत सटकला."

"काहीतरीच तुमचं! जुलै २०२० मध्ये कोरोनाच्या दुखण्यात बाप गेला. ऑक्टोबरात अबुधाबीला गेजीला दुसऱ्याच फेरीत पायांच्या कात्रीत गळा धरून झोपवला, नि तिथंच रडत बसला. हातमोजे काढून ठेवले. बाबांशिवाय लढायचं नाही असं आईला कबूल केलं होतं म्हणाला. लढती भरवणाऱ्या कंपनीच्या अध्यक्षानं पुढे किती मनधरणी केली, बधला नाही. मी तर म्हणते, बाप कोपऱ्यात नसताना लढण्यात त्याला रसच उरला नसेल."

"हे मात्र पटलं. पण परवा तुमच्याच टीव्हीवर ओरडताना दिसला की!"

"तो दोस्ताच्या लढतीत, इस्लाम मखाचेवच्या. याच्या मागनं पट्टा त्यानं मिळवला ना, २०२२ मध्ये. पुढच्याच जानेवारीत खबीबनं शिकवणंही सोडलं, घरच्यांना वेळ द्यायचाय म्हणून. पण राहवतंय थोडंच! पुन्हा कोपऱ्यात हजर."

"बरोबरच आहे. आईनं लढू नको म्हटलं होतं, ओरडू नको असं कुठं म्हटलं होतं!"