पाणी कुठे जातं?

आर्किटेक्चरची ५ वर्षं संपली की माणूस घरं बांधायला लागतो, अशी आमच्याकडे समजूत होती. भाचीने ती मोडली. "आता आणखी २ वर्षं लँडस्केप करणार," असं तिने जाहीर केलं तेव्हा आजीने सगळ्यांच्या मनातलं विचारलं, "म्हणजे माळीकामच ना?"

ती चिडली नाही. या जातीची मंडळी चिडत नाहीत, समजावून सांगतात. ते जास्त वाईट.

तिला कुणाकडे न्यायची चोरी झाली आहे. पाण्याचा पेला हातात यायच्या आत प्रश्न तयार: "काका, तुमच्या गच्चीवरचं पाणी कुठे जातं?" पाणी जातं, एवढंच काकांना ठाऊक असतं. एका स्थळाकडच्यांनी बंगल्यापुढचं हिरवंगार लॉन कौतुकाने दाखवलं. हिने वाकून गवत दाबलं आणि विचारलं, "उन्हाळ्यात टँकर किती लागतात?" पोहे खाऊन आम्ही परत आलो.

झाडांचं ती मूळ गाव विचारते. गुलमोहर मादागास्करचा. गिरिपुष्प मध्य अमेरिकेतलं, आणि ज्याच्या सावलीत आम्ही कॉलेज बुडवलं तो रेन ट्रीही तिकडचाच. मग आपलं काय? तर वावळ, वारस, मेडशिंगी, पाडळ. तिच्या वडिलांना ही एसटीच्या पाटीवरची गावं वाटली.

सबमिशनच्या दिवसांत घरात जेवायला टेबल मिळत नाही. त्यावर इयन मॅकहार्ग पसरलेला असतो. या स्कॉटिश गृहस्थांनी १९६९ साली 'डिझाइन विथ नेचर' लिहिलं. माती, उतार, पाणी, झाडी यांचे पारदर्शक नकाशे एकावर एक ठेवायचे, म्हणजे कुठे बांधावं आणि कुठे मुळीच बांधू नये ते उघड दिसतं. हिने ही विद्या थेट सहकारनगरातल्या आमच्या सोसायटीवर चालवली. निष्कर्ष असा, की आमची इमारत 'मुळीच नये'मध्ये येते. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढ्याने पूर आणून हेच जरा मोठ्या आवाजात सांगितलं होतं. तरी तिच्या आईने विचारलंच, "मग उरलेले हप्ते ओढा भरणार का?"

पावसाची सर आली की लोक भजी तळतात. ही रेनकोट घालून पार्किंगमध्ये डबकी बघत फिरते. एकदा फूटभर खड्डा खणून, त्यात पाणी ओतून, ते किती वेळात मुरतं ते घड्याळ लावून मोजत बसली. वॉचमनने सेक्रेटरींना फोन केला की ताईंनी काहीतरी पुरलंय.

पुढे सोसायटीच्या सभेत पेव्हर ब्लॉकचा विषय आला. खाली काँक्रीट घातलं तर पाणी मुरणार नाही, सगळ्यांचं पाणी एकदम ओढ्यात जाईल आणि ओढा ते आपल्यालाच परत आणून देईल, हे तिने आकृती काढून सांगितलं. सेक्रेटरींनी विरोधकाला गप्प करायची जुनी रीत वापरली. तिला कमिटीवर घेतलं आणि गेटजवळचा एक वाफा दिला.

तिने वाफा खोलगट केला, गच्चीचा पाइप त्यात वळवला आणि तेरडा, टाकळा, कुर्डू लावून दिला. सभासदांनी त्याला 'रान' हे नाव ठेवलं. आषाढात एका सकाळी पाहिलं तर टाकळा-कुर्डूचे शेंडे गायब. माळीमामांच्या हातात पिशवी. आता रणकंदन, म्हणून आम्ही गॅलरीत जमलो.

"कवळा हाय तवरच भाजी चांगली, ताई," मामा शांतपणे म्हणाले. "आन् खुडलं की आनिक फुटतंय."

हिने वही काढली आणि ते लिहून घेतलं. कॉलेजच्या ज्युरीपुढच्या शीटवर ते 'देखभाल : स्थानिक ज्ञान व लोकसहभाग' या मथळ्याखाली झळकलं. दोन जुड्या सेक्रेटरींकडेही पोचल्या होत्या. पेव्हर ब्लॉकचा ठराव मंजूर झाला, पण तिच्या दुरुस्तीसह : खाली काँक्रीट नाही, खडी, आणि ब्लॉकमध्ये फटी.

"फट किती ठेवायची?" कंत्राटदाराने सहज विचारलं.

हिने पर्समधून पट्टी काढली.