प्राधान्यक्रमाचा शून्य क्रमांक

कॅथलिक शाळेतील प्रवेश तीन गोष्टींवर ठरतो: मुलाचा धर्म, बापाची ऐपत आणि संस्थेची दयाबुद्धी. माहितीपुस्तिकेत त्यांचा क्रम वेगळा असतो, फीच्या खिडकीवर वेगळा. या विषयाच्या अभ्यासाला जबलपूर सोयीचे पडते. शाळा जुन्या आहेत, शुल्काचा कायदा ताजा आहे, आणि भांडण झालेच तर मध्य प्रदेशचे उच्च न्यायालय गावातच आहे.

सेंट अलॉयसियस ही इथली शाळा 1868 सालची. त्याच वर्षी शहरातल्या मंडळींनी हितकारिणी सभा ही शिक्षणसंस्थाही काढली. दोन वर्षांनी मुंबईकडून आणि कलकत्त्याकडून येणारे रेल्वेमार्ग जबलपुरात एकमेकांना मिळाले, आणि आधीच छावणी असलेल्या या गावात इंजिन ड्रायव्हर, गार्ड, स्टेशनमास्तर अशा गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन कुटुंबांची वस्ती वाढली. पुढे 1904 मध्ये तोफगाड्यांचा कारखाना आला. साहेबाच्या मुलाला शिकवायला कोणीतरी हवे होते आणि मिशनऱ्यांना शिकवायला मुले हवी होती. त्या काळी मुलाच्या बाप्तिस्म्याची चौकशी करावी लागत नसे, बापाची नोकरी कळली की पुरे होई. या एका बाबतीत परंपरा अखंड चालू आहे.

1947 नंतर साहेब गेला, त्याच्यामागून अँग्लो-इंडियन कुटुंबे इंग्लंड-ऑस्ट्रेलियाकडे निघाली, आणि सदर या छावणीच्या भागातल्या वर्गांतले बाक रिकामे झाले. ते फार काळ रिकामे राहिले नाहीत. नेपियर टाऊनचे डॉक्टर, हायकोर्टाचे वकील, कारखान्यातले अधिकारी यांनी आपापली मुले आणून बसवली. भोसल्यांच्या अमलापासून या शहरात नांदणारा मराठी समाजही मागे नव्हता. आजोबा गोलबाजारच्या महाराष्ट्र शाळेत, वडील सरकारी मॉडेल स्कूलमध्ये आणि नातू 'सेंट'मध्ये, अशी प्रगती अनेक मराठी घरांत तीन पिढ्यांत झालेली दिसते. नातू गणेशोत्सवातल्या वक्तृत्व स्पर्धेत मराठी भाषण करतो. ते रोमन लिपीत लिहून दिलेले असते. बक्षीस त्यालाच मिळते, कारण परीक्षकांची मुलेही त्याच शाळेत असतात.

तात्त्विक बाजू निर्दोष आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 28 ऑक्टोबर 1965 रोजी शिक्षणावरचे घोषणापत्र काढले आणि गरिबांची, निराधारांची, परधर्मीयांची विशेष काळजी घ्यायला सांगितले. 1977 मध्ये व्हॅटिकनच्या शिक्षण विभागाने त्याहून स्पष्ट लिहिले: चर्चची शिक्षणसेवा आधी गरिबांसाठी आहे, आणि ती सुखवस्तूंच्याच वाट्याला जात राहिली तर विषमतेला चर्चचाच हातभार लागेल. भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या शिक्षणधोरणातही कॅथलिक मुले आणि वंचित मुले यांना अग्रक्रम आहे. तेव्हा कागदावरचा क्रम असा लागतो: पहिला कॅथलिक, दुसरा कोणत्याही धर्माचा गरीब, तिसरा उरलेला.

पहिल्या क्रमांकाचे काम लवकर आटोपते. 2011 च्या जनगणनेत मध्य प्रदेशातले ख्रिस्ती सगळे पंथ धरून 0.29 टक्के भरले. नुसत्या कॅथलिकांवर शाळा चालवायची म्हटली तर शिपायाची नेमणूकही विचार करून करावी लागेल. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या 2021 च्या अहवालाप्रमाणे देशभरातल्या ख्रिस्ती शाळांत 74 टक्के विद्यार्थी ख्रिस्तेतर आहेत. हा आयोग मिशन शाळांचा फार लाडका म्हणून ओळखला जात नाही, पण हा आकडा शाळाही अभिमानाने सांगू शकतात: सर्वधर्मसमभाव म्हणून.

दुसऱ्या क्रमांकाची अडचण निराळी आहे. प्राधान्य द्यायचे ते आलेल्या अर्जांमध्ये. अर्ज करण्याची ऐपत ही त्याआधीची पायरी आहे. तिला कुठल्याही धोरणात क्रमांक दिलेला नसल्यामुळे सोयीसाठी तिला शून्य म्हणावे. शून्य क्रमांकामुळे शाळेला कोणत्याही गरीब मुलाला नाही म्हणण्याचा प्रसंग येत नाही. नाही म्हणायला तो आधी आत यावा लागतो.

शून्याची रचना पाहण्यासारखी आहे. प्रवेश शुल्क, शिक्षण शुल्क, अनामत, विकास निधी, डायरी-ओळखपत्र, स्मार्ट क्लास, बस. मग पुस्तकांचा संच, जो फोडून मिळत नाही. मग गणवेश, जो आठवड्याच्या वारांप्रमाणे बदलतो. यांतल्या शिक्षण शुल्काविषयीच पालक वाद घालतात. बाकीचे ते देऊन टाकतात आणि घरी येऊन भांडतात.

शुल्कावर लगाम म्हणून मध्य प्रदेशाने 2017 मध्ये खासगी शाळांच्या शुल्कनियमनाचा कायदा केला आणि 2020 मध्ये त्याचे नियम. वर्षाला 10 टक्क्यांपर्यंतची वाढ शाळा परवानगीशिवाय करू शकते. 10 ते 15 टक्क्यांसाठी जिल्हाधिकाऱ्यांची समिती. त्यावर गेल्यास राज्य समिती. गणिताच्या पुस्तकात शोभावे असे उदाहरण यातून तयार होते. पहिलीत 30,000 रुपये फी असलेल्या शाळेने दरवर्षी फक्त बिनपरवानगीची वाढ केली तर ते मूल बारावीला पोचेपर्यंत फी सुमारे 85,600 होते. एकही नियम मोडलेला नसतो. बापाचा पगार याच दराने वाढावा असा नियम करायचा तेवढा राहून गेला आहे. 2024 च्या अखेरीस कायद्यात दुरुस्ती होऊन बसचे भाडे शुल्कातच धरले गेले, आणि वार्षिक फी 25,000 रुपयांपर्यंत असलेल्या शाळा कायद्याबाहेर गेल्या. स्वस्त शाळेचा पालक महागाईपासून सुरक्षित असतो, असे विधिमंडळाचे निरीक्षण दिसते.

मधल्या काळात, 27 मे 2024 रोजी, जबलपूर जिल्हा प्रशासनाने 11 खासगी शाळांवर गुन्हे नोंदवले. आरोपींची संख्या 51. त्यांत शाळाचालक, मुख्याध्यापक आणि पुस्तकविक्रेते-प्रकाशकही होते. 81 कोटींहून अधिक रक्कम पालकांकडून जादा घेतली गेली, असा प्रशासनाचा दावा होता. काही पाठ्यपुस्तकांवरचे आयएसबीएन क्रमांकही बनावट असल्याचे सांगण्यात आले. यादीत ख्रिस्ती मिशनच्या शाळा होत्या आणि ज्यांचा कुठल्याच देवाशी संबंध नाही अशा 'इंटरनॅशनल' शाळाही. सर्व धर्मांचे आणि निधर्मी लोक एकाच कारवाईत सापडण्याचा योग या शहरात दुर्मीळ आहे. अटका झाल्या, जामीन झाले, पैसे परत करण्याचे आदेश निघाले आणि वाद उच्च न्यायालयात गेला. पालकांनी कारवाईचे स्वागत केले. त्यांतल्या किती जणांनी मूल त्या शाळेतून काढले, हा प्रश्न विचारण्याची पद्धत नाही.

कॅथलिक व्यवस्थापनाची बाजूही इथे नोंदवली पाहिजे, कारण ती खोटी नाही. एके काळी या शाळा स्वस्त होत्या त्या फादर-सिस्टर शिकवीत म्हणून. संन्यस्त शिक्षकाला पगार नाही, पेन्शन नाही, मुलीच्या लग्नाची चिंता नाही. आता वर्गावर बहुतेक संसारी शिक्षक आहेत आणि त्यांना महिन्याच्या महिन्याला पैसे लागतात. अमेरिकेत हेच आधी घडले: 1960 च्या दशकाच्या मध्याला तिथल्या कॅथलिक शाळांत पन्नास लाखांहून जास्त मुले होती, सिस्टर कमी झाल्या, फी वाढली, आणि आज ती संख्या वीस लाखांच्याही आत आहे. शिकागोच्या जेझुइटांनी 1996 मध्ये क्रिस्टो रे नावाची शाळा काढली, तिथे गरीब विद्यार्थी आठवड्यातला एक दिवस एखाद्या कचेरीत काम करतो आणि त्या कमाईतून फीचा मोठा भाग फिटतो. जबलपुरात हा प्रयोग करायला हरकत नाही, पण इथे गरीब मूल आठवड्याचे सगळेच दिवस कामाला असण्याचा संभव आहे. दुसरे असे की मंडला-दिंडोरीकडच्या आदिवासी मुलखात याच चर्चच्या साध्या शाळा आणि वसतिगृहे आहेत, आणि तिथे शिकलेली मुले खरोखर शिकली आहेत. गरिबांसाठी चर्च काहीच करत नाही असे म्हणता येत नाही. ते दूर जाऊन करते, सदरमध्ये नाही, एवढेच.

शहरातला गरीब कॅथलिक हा या व्यवस्थेतला सर्वांत अवघड विद्यार्थी. तो पहिल्या क्रमांकात बसतो, शून्यात बसत नाही. त्याच्यासाठी सवलत आहे. धर्मग्रामाच्या फादरांचे पत्र, बाप्तिस्म्याचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि एक विनंतीअर्ज, बहुधा इंग्रजीत. अर्जाचे इंग्रजी चांगले असेल तर माणूस तितका गरीब नसावा अशी शंका येते, वाईट असेल तर मुलाला माध्यम झेपेल का अशी येते.

ख्रिस्तेतर गरिबासाठी देशाने 2009 मध्ये वेगळा रस्ता काढला होता. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 12 प्रमाणे खासगी शाळेने पहिलीच्या 25 टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांना द्यायच्या, खर्च सरकारने भरायचा. सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना यातून वगळले आणि 2014 च्या प्रमती निकालात सर्वच अल्पसंख्याक शाळांना कायद्याबाहेर काढले. घटनेच्या कलम 30 ने अल्पसंख्याकांना आपल्या शाळा आपल्या पद्धतीने चालवण्याचा हक्क दिला आहे, हे त्यामागचे कारण. हक्क खरा आहे आणि मोलाचा आहे. तो समाजाची मुले राखण्यासाठी दिला गेला होता. जबलपुरातल्या वर्गात त्या समाजाची मुले मूठभर, आणि हक्काचा लाभ मात्र वर्गातल्या सगळ्यांना: अग्रवालांच्या, मिश्रांच्या आणि देशपांड्यांच्या मुलांना शेजारच्या बाकावर रिक्षावाल्याचे मूल न बसण्याची घटनात्मक हमी मिळते. ज्यांचा अल्पसंख्याकांच्या लांगूलचालनावर रोष असतो, त्यांचाही या एका सवलतीवर रोष दिसत नाही. मुलाखत घेऊन निवड करण्यावरची बंदी (पहिल्या चुकीला 25,000 रुपये, पुढच्या प्रत्येकीला 50,000) हीही त्याच कायद्यातली, म्हणून तीही इथे लागू नाही. मुलाला रंगांची नावे विचारतात, वडिलांना व्यवसाय. निकाल दुसऱ्या उत्तरावर लागतो, असा पालकांमध्ये समज आहे.

महाराष्ट्राने ही चैन सर्वांना मिळावी म्हणून प्रयत्न करून पाहिला. 9 फेब्रुवारी 2024 च्या अधिसूचनेने, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला 25 टक्क्यांतून सूट दिली. मुंबई उच्च न्यायालयाने 19 जुलैला ती रद्द केली. पुण्या-मुंबईच्या खासगी शाळा पुन्हा गरिबांना प्रवेश द्यायला मोकळ्या झाल्या.

परदेशात पालकांनी प्रवेशासाठी वेगळा उपाय शोधला होता. आयर्लंडमधल्या बहुतेक प्राथमिक शाळा कॅथलिक, आणि जागा कमी पडल्या की बाप्तिस्मा झालेल्याला आधी प्रवेश. त्यामुळे चर्चची पायरी न चढणारे आईबापही शाळेसाठी मुलाचा बाप्तिस्मा उरकून घेत. 2018 च्या कायद्याने प्राथमिक शाळांतली ही अट गेली. जबलपुरात तसे घडण्याची भीती नाही. मध्य प्रदेशाच्या 2021 च्या धर्मस्वातंत्र्य कायद्यात धर्मांतरापूर्वी 60 दिवस जिल्हा दंडाधिकाऱ्यांना कळवण्याची तरतूद आहे, आणि ती उच्च न्यायालयात वादात सापडली असली तरी कायद्यातून गेलेली नाही. म्हणजे फीवाढीची तक्रार आणि बाप्तिस्म्याची पूर्वसूचना एकाच कार्यालयात द्यावी लागेल. शिवाय 60 दिवसांत प्रवेश बंद होतात.

1 सप्टेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने प्रमती निकालाविषयीच शंका व्यक्त केली आणि अल्पसंख्याक शाळांना 25 टक्क्यांतून दिलेली सूट मोठ्या पीठाने तपासावी असे सुचवले. ती सूट गेली तर चाळीसच्या वर्गात दहा जागा सोडतीने भरतील. कॅथलिक मुलांच्या जागा शाळा कमी करणार नाही, कर्मचाऱ्यांच्या मुलांच्या करता येणार नाहीत. तेव्हा दहाही जागा तिसऱ्या क्रमांकातून, फी भरणाऱ्यांच्या मुलांतून जातील, आणि त्या दहांच्या फीतला सरकारकडून न मिळणारा भाग उरलेल्यांच्या फीत विभागला जाईल. त्या दिवशी कलम 30 च्या रक्षणासाठी जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा निघाला तर त्यात फादर आणि सिस्टर थोडे असतील. बाकीचे निवेदनाच्या मसुद्यात 'अल्पसंख्याकांचे हक्क' या शब्दांखाली रेघ ओढायला सांगतील आणि मोर्चा बारापर्यंत आटोपता घेतील, कारण साडेबाराला शाळा सुटते.