अपडेटराव

आमच्या सोसायटीच्या बी विंगेत तिसऱ्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात. पहाटे उठून ते आधी रात्रीत जगात कुठे काय बंद पडलं ते बघतात, मग दात घासतात. काहीच बंद पडलेलं नसलं तर दिवसभर जरा गप्प असतात. सोसायटीने त्यांचं नाव अपडेटराव ठेवलंय. खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे. पण पाटीखाली त्यांनी एक क्यूआर कोड चिकटवलाय आणि येणाऱ्याचं लक्ष आधी तिकडे जातं. तो स्कॅन केला की पाहुण्यांसाठी वेगळं काढलेलं वायफाय जोडलं जातं. पाहुणे फारसे येत नाहीत. चौथ्या मजल्यावरची पोरं मात्र रोज संध्याकाळी ‘अभ्यासाला’ म्हणून त्यांच्या जिन्यात का बसतात, हे त्यांच्या आयांना अजून उमगलेलं नाही. हा कोड 1994 मध्ये जपानात मोटारींच्या सुट्या भागांवर लावण्यासाठी निघाला, ही माहिती ऐकल्याशिवाय इस्त्रीवाल्याला कपड्यांचे पैसे मिळत नाहीत. आता त्याचंही ते पाठ झालंय.

रावांची नोकरी संगणकाची नव्हे, हे आधी सांगायला हवं. भोसरीच्या एका कारखान्यात ते खरेदी विभाग सांभाळतात. आमच्याकडे दर दोन घरांआड एक जण हिंजवडीला जातो, पण त्यातल्या एकालाही संगणकाबद्दल मत म्हणून नाही. काही विचारलं तर ‘बंद करून चालू करा’ म्हणतात आणि कानात बोंडं खुपसून मीटिंगला बसतात. ठाम मत असायचं तर त्या विषयाचा पोटापाण्याशी संबंध नसावा लागतो. (क्रिकेटवर आणि परराष्ट्र धोरणावर आपण सगळे बोलतो ते काय उगाच?)

मायक्रोसॉफ्टच्या दुरुस्त्या दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात. तिकडे सकाळ असते तेव्हा इकडे रात्र झालेली असते, म्हणून रावांचं त्या दिवशीचं जागरण ठरलेलं. 2025 च्या ऑगस्टमध्ये हा मंगळवार नेमका अंगारकीला आला. वहिनी चंद्राची वाट बघत गॅलरीत आणि हे अपडेटची वाट बघत हॉलमध्ये. ढगांमुळे चंद्र काही दिसेना, तेव्हा वहिनींनी पंचांगातली वेळ धरून नैवेद्य दाखवला आणि पानं घेतली. राव म्हणाले, ‘तुम्ही बसा, माझं साडेदहानंतर सुटेल.’ ज्याने उपास धरलाच नाही त्याने तो ताणावा, हे वहिनींना पटलं नाही. मोदक निवले. रात्री उशिरा अपडेट उतरलं, संगणक दोनदा बंद होऊन पुन्हा चालू झाला आणि काहीही बिघडलं नाही. राव खट्टू होऊन न जेवताच झोपले.

रावांचा जीव तंत्रज्ञानावर आहे, असं लोक समजतात. तो बिघाडावर आहे. नीट चालणाऱ्या यंत्राबद्दल माणूस बोलणार काय? 19 जुलै 2024 ला शुक्रवार होता. क्राउडस्ट्राइक नावाच्या सुरक्षा कंपनीने विंडोजच्या संगणकांना एक सदोष फाइल पाठवली आणि जगभरातले 85 लाखांच्या आसपास संगणक निळा पडदा दाखवून बसले. विषाणूंना इतक्या वर्षांत जमलं नव्हतं ते विषाणूंपासून वाचवणाऱ्यांनी तास-दीड तासात करून दाखवलं. आपल्याकडच्या विमानतळांवर तर पेनाने बोर्डिंग पास लिहून दिले जात होते. राव अर्धी रजा टाकून घरी आले. संध्याकाळी बागेतल्या बाकावर त्यांचं निरूपण सुरू झालं, की नुसती दुरुस्ती पाठवून भागत नाही, संगणक धड सुरूच होत नाही तर ती घेणार कोण? एकेका संगणकापुढे माणसाने जाऊन बसायचं, तो सेफ मोडमध्ये चालू करायचा आणि ती फाइल हाताने पुसायची. ‘हाताने!’ असं ते तीन-चारदा म्हणाले. बंगळुरूचं विमान रद्द होऊन परत आलेले सी विंगेतले एक जावई मांडीवर बॅग घेऊन हे ऐकत होते. राव त्यांच्याकडे वळून म्हणाले, ‘तुम्ही नशीबवान. तुम्ही प्रत्यक्ष पाहिलंत.’

पुढच्या वर्षी तर ऐन नरक चतुर्दशीला, 20 ऑक्टोबरला, ॲमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनियातल्या केंद्रात डीएनएसचा घोळ झाला. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता सांगणारी ही यंत्रणा. ती चुकली की पलीकडचा संगणक शाबूत असूनही कुणाला सापडत नाही. जगभरची ॲप पटापट मान टाकायला लागली तेव्हा आमच्याकडे फराळाची दुपार होती. मी रावांकडे फराळाला गेलो, तर चकलीचा तुकडा तसाच हातात धरून ते फोनवरून एकेक नाव वाचून दाखवत होते. त्यात कळलं, की तिकडे अमेरिकेत इंटरनेटला जोडलेले महागडे पलंग आहेत. रात्री गार-गरम होतात, डोक्याकडून वर उचलले जातात. केंद्राशी संपर्क तुटल्यावर त्यातले काही तापून बसले आणि मालक अंथरुणातून उठून बसले. रावांना हसू आवरेना. कोपऱ्यात लाडवाचा चुरा करून खात बसलेल्या त्यांच्या आईने विचारलं, ‘एवढं तापलंय तर बाजेवर झोपा म्हणावं. बाज नाही का घरात?’ त्यावर राव गंभीर झाले. ‘हाच तर मुद्दा आहे आई. ह्याला ऑफलाइन फॉलबॅक म्हणतात.’ आईंनी दुसरा लाडू घेतला.

पण बिघाड पाहणाऱ्यापेक्षा तो हुंगून काढणारा मोठा, असं राव मानतात, आणि त्यांचं दैवत तेच. मार्च 2024 मध्ये आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं. दुसरा कुणी असता तर तेवढ्यात जांभई देऊन मोकळा झाला असता. हा खणत गेला, आणि लिनक्समध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या एक्सझेड नावाच्या छोट्या सॉफ्टवेअरमध्ये त्याला चोरदरवाजा सापडला. कुणीतरी दोनेक वर्षं गोडीगुलाबीने कामात मदत करून, विश्वास कमावून तो घुसवला होता. ही कथा राव कीर्तनकाराच्या तन्मयतेने सांगतात. आणि तेव्हापासून ते स्वतःही अर्धे सेकंद मोजत असतात. आमच्या लिफ्टचं दार पूर्वीपेक्षा किंचित उशिरा मिटतं, असं त्यांनी सेक्रेटरींना लेखी कळवलं, सोबत आठवडाभराच्या नोंदी. लिफ्टचा माणूस आला आणि दाराच्या खाचेत अडकलेलं चॉकलेटचं वेष्टन काढून गेला. रावांच्या मते प्रश्न तिथे संपत नाही. ते वेष्टन तिथे ठेवलं कुणी?

खरेदीला जायचं तर लोक रावांना न्यायला घाबरतात, कारण ते सोबत एक बोटभर मीटर आणतात. युरोपने 2024 च्या डिसेंबरअखेरपासून नव्या फोनना टाइप-सी सक्तीचं केलं, त्या निर्णयाचं त्यांनी स्वागत केलं, पण हातचं राखून. तोंड सगळ्या वायरींचं सारखं झालं, गुण मात्र सारखे नाहीत, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरं आहे. एक वायर फोन जेमतेम चार्ज करते, एक 60 वॅट सोसते, एक 240, आणि बाहेरून तिन्ही जुळ्या बहिणी. म्हणून तपकीर गल्लीत काउंटरवरच ते मीटर लावून एकेक वायर तपासतात. मागे रांग लागते. ‘काका, ऐंशी रुपयांची वायर आहे,’ दुकानदार म्हणाला. ‘म्हणूनच तर बघतोय,’ राव म्हणाले. अकरावी वायर त्यांना पसंत पडली. ती त्यांनी घेतली नाही, घरी तशा चार होत्या.

त्या घरच्या वायरींना एक अख्खं कपाट आहे. प्रत्येकीला कागदी चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख. वहिनींनी दोन दिवाळ्या ते कपाट भंगारात काढायचा प्रयत्न केला, पण एका गणेशोत्सवाने सगळा डाव फिरवला. मुलांच्या कार्यक्रमाला कुणीतरी ऑफिसातून जुना प्रोजेक्टर आणला. त्याला फक्त व्हीजीएचं भोक. अध्यक्ष घामाघूम, पाहुणे स्टेजवर, हिंजवडीवाले सगळे एकमेकांकडे बघतायत. राव शांतपणे वर गेले आणि दोन्ही बाजूंना स्क्रू असलेली ती निळ्या तोंडाची केबल घेऊन आले. ते स्क्रू त्यांनी इतके सावकाश पिळले, की टाळ्या दोनदा पडल्या. आता ते कपाट या जन्मी हलत नाही.

सोसायटीच्या ऑफिसातला संगणक हे त्यांचं त्यामानाने फसलेलं प्रकरण. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा आधार संपला आणि त्या जुन्या डब्यात टीपीएम 2.0 नसल्यामुळे विंडोज 11 त्याला घरात घेईना. चांगला चालणारा संगणक एका चिपसाठी फेकायचा ह्या कल्पनेने राव संतापले. (ह्या बाबतीत मी पूर्ण त्यांच्या बाजूने आहे.) एका रविवारी त्यांनी त्यावर लिनक्स चढवलं. संगणक तरुण झाला. सोमवारी सेक्रेटरींनी ‘पाण्याची टाकी धुणार’ ही दरवर्षीची नोटीस उघडली तर पडद्यावर इंग्रजी पी, उलटा स्वल्पविराम, दोन डॉलर आणि एक टक्क्याचं चिन्ह. नोटीस जुन्या मराठी फॉन्टमधली. हे फॉन्ट आतून इंग्रजी अक्षरंच साठवतात आणि वरून त्यांना देवनागरी वेश चढवतात. फॉन्ट नसला की वेश उतरतो. रावांनी कमिटीला तिथल्या तिथे सांगायला घेतलं, की युनिकोडमध्ये देवनागरी 1991 पासून आहे, आपल्याच पुण्यात सी-डॅकमध्ये भारतीय लिप्यांवर त्याच्याही आधीपासून काम झालं, आणि तरीही आमंत्रणपत्रिकांपासून सरकारी अर्जांपर्यंत आपण अजून जुन्या फॉन्टचा संसार ओढतोय. शब्दन् शब्द खरा होता. तो संपेस्तोवर वॉचमनने फळ्यावर खडूने ‘उद्या पाणी नाही’ लिहून टाकलं होतं.

कृत्रिम बुद्धिमत्तेवरही त्यांची मतं आहेत, पण ती आठवड्याला बदलतात, तेव्हा इथे छापण्यात अर्थ नाही.

घरात मात्र रावांचं राज्य एका व्यक्तीने रोखून धरलंय. हॉलमधले सगळे दिवे फोनवरून चालतात. रंग बदलतात, संध्याकाळी आपोआप मंद होतात. ह्या दिव्यांची एकच अट. भिंतीवरचं बटण कायम चालू हवं, नाहीतर दिव्याला हुकूमच पोचत नाही. म्हणून रावांनी सगळ्या बटणांवर चिकटपट्ट्या लावून ‘बंद करू नये’ लिहिलंय. आणि त्यांच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना आयुष्यभराची सवय, की खोलीतून निघताना बटण बंद. केर काढून झाला की चिकटपट्टीवरून अंगठा दाबतात, खट्. राव संध्याकाळी येऊन फोनवर दिवे शोधतात. फोन म्हणतो, दिवे सापडत नाहीत. त्यांनी मावशींना एकदा बसवून समजावलं, हा दिवा बंद दिसला तरी बंद नसतो. मावशी म्हणाल्या, ‘मग बिल?’ ह्या प्रश्नावर राव दोन दिवस मीटर लावून बसले होते. थोडं येतं, असं शेवटी त्यांनी वहिनींजवळ कबूल केलं. मावशींना नाही सांगितलं.

नोव्हेंबर हा रावांचा सेवेचा महिना. निवृत्तांनी हयातीचा दाखला द्यायचा असतो आणि तो आता मोबाइलला चेहरा दाखवून देता येतो. सोसायटीतले सगळे पेन्शनर एका रविवारी रांगेने रावांच्या हॉलमध्ये येतात. राव प्रत्येकाला खिडकीकडे तोंड करून बसवतात, चष्मा काढायला लावतात आणि एक पैसा घेत नाहीत. हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण हिंजवडीवाल्यांपैकी एकाचाही त्या रविवारी पत्ता नसतो. यंदा ए विंगेतले ब्याऐंशी वर्षांचे आजोबा बसले होते. डोळे मिचकावा, अशी सूचना आली. आजोबांनी एकच मिचकावला. राव म्हणाले, ‘दोन्ही, आजोबा. फोटो धरून कुणी फसवू नये म्हणून बघतात.’ दोन्ही मिचकावले, गोल चक्र फिरायला लागलं, फिरतच राहिलं. संपर्क होत नाही, असं आलं. रावांनी पुन्हा केलं, पुन्हा तेच. आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर ते तेज चढायला लागलं.

‘बसलंय! अख्ख्या देशाचं बसलंय बहुतेक!’

‘म्हणजे मेलेला मी एकटाच नाही,’ आजोबांना जरा हुरूप आला.

राव दुसऱ्या फोनवरून बातम्या उघडायला गेले, तर त्याही उघडेनात. हे आणखीच मोठं दिसत होतं. त्यांनी आतल्या खोलीत हाक मारली, ‘अगं ऐकलंस का, सगळं इंटरनेटच गेलंय!’

वहिनी हात पुसत बाहेर आल्या. राउटरच्या मागच्या भिंतीकडे बघून म्हणाल्या, ‘मावशी गेल्या आत्ता.’

खट् करून त्यांनी बटण दाबलं. रावांचा चेहरा पडला. आजोबांचाही.