आधी पक्षी सांग!

बंदूकवाले तात्या प्रत्येक तालुक्याच्या गावी एक तरी असतातच. आमच्या तात्यांकडे वडिलांच्या वेळची दुनळी बारा बोअर आहे, आणि जगातल्या कुठल्याही प्रश्नाला एकच उत्तर. पुतण्याने विचारलं, "स्कूटर घेऊ की मोटारसायकल?" तात्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "आधी पक्षी सांग!"

म्हणजे काम कोणतं ते सांग. पण तेवढ्यावर थांबतील तर ते तात्या कसले! "हे बघ, लावा पायाखालून भुर्रकन उठतो. तिथं आखूड नळी, मोकळा चोक, आठ नंबरचे छर्रे. तित्तिराला सहा नंबर. बदक उंचावरून जाणार, त्याला तीस इंची नळी, फुल चोक, चार नंबर! चाळीस वारांवर शंभरातले सत्तर छर्रे तीस इंची वर्तुळात बसले पाहिजेत." "आणि उरलेले तीस?" पुतण्या म्हणाला. त्या दिवशी त्याला चहाही मिळाला नाही.

दुनळीचं प्रकरण वेगळंच. उजवी नळी मोकळी, डावी आवळलेली. कारण पहिला बार जवळून, दुसऱ्या बारापर्यंत पक्षी लांब गेलेला. हे सांगताना तात्यांची तर्जनी हवेतला पुढचा चाप ओढून झटक्यात मागच्यावर येते. काकू तेवढ्यात कपबशा उचलतात.

१९७२ च्या कायद्याने शिकारीला लगाम बसला, १९९१ च्या दुरुस्तीने उरलेसुरले परवानेही गेले. आता बंदूक घराबाहेर पडते ती निवडणुकीला, पोलीस ठाण्यात जमा व्हायला. एरवी दर रविवारी तेलाची चिंधी, गज, आणि उजेडाकडे नळी धरून मिटलेला एक डोळा. "एवढ्या मायेनं कधी शेगडी पुसलीत?" काकू विचारतात. तात्यांना अशा वेळी ऐकू येत नाही.

मध्यंतरी नात त्यांना भिगवणला पट्टकादंब बघायला घेऊन गेली. होडीत शेजारी एक गृहस्थ, हातात तोफेएवढी लेन्स. "फुल चोक दिसतोय," तात्या आदराने म्हणाले. इतक्यात एक धोबी होडीच्या काठावर, हातभर अंतरावर येऊन शेपटी हलवू लागला. गृहस्थ लेन्स फिरवताहेत, फिरवताहेत, फोकस काही होईना. नातीने मोबाइल काढून टिपलासुद्धा.

"अहो, जवळच्या पाखराला डावी नळी कशाला ओढता?" तात्या कळवळून म्हणाले, आणि नातीकडे बोट दाखवलं. "ही बघा आमची उजवी!"