तीन शर्टांचा माणूस

आमच्या झोपायच्या खोलीत कपाट होतं तोवर आम्हाला कपाटाची गरज आहे हे कळलंच नव्हतं. ते १९७४ सालचं, हिरवं, लोखंडी. आईनं भिशीच्या पैशांतून घेतलेलं. त्यात चौघांचे कपडे, दागिने, विम्याचे कागद आणि रुखवतातली न वापरलेली भांडी मावत; वर ट्रंक, ट्रंकेवर वळकटी. दार ओढलं की उघडे. एवढ्या ढोबळ वस्तूबरोबर आपण पन्नास वर्षं काढली याची लाज वाटावी म्हणून मुलानं आम्हाला इंटिरियर डिझायनर आणून दिली.

मुलगी गोड होती. मला ‘काका’ म्हणे आणि दर दहा वाक्यांनी ‘सौंदर्य आणि उपयुक्तता यांचा समतोल’ म्हणे. तिनं लॅपटॉपवर आमच्याच खोलीचं थ्रीडी चित्र दाखवलं. कपाटाला उभ्या रेघांची काच, आत पिवळसर दिवे. आत तीन शर्ट, तिन्ही कोऱ्या कापडाच्या रंगाचे. एक वेताची टोपली. कोनाड्यात एक हॅट. मी आणि ही, दोघंही गप्प झालो. हा माणूस आमच्या घरात राहतो आणि आपण इतकी वर्षं त्याच्या अंगावर कपडे टाकत आलो, असं काहीसं वाटलं.

त्या दिवसापासून घरातला प्रत्येक निर्णय त्या माणसाच्या सोयीनं झाला, आणि माझ्या मते तेच योग्य. आम्ही काय, कुठंही राहू.

प्लायवूडपासूनच बघा. झोपायच्या खोलीतल्या कोरड्या कपाटाला आयएस ३०३ चा प्लाय चालतो असं मिस्त्री सांगत होता. आम्ही आयएस ७१० घेतला, म्हणजे मरीन. पाण्यात उकळला तरी त्याचे पदर सुटत नाहीत. कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर समुद्र येत नाही हे खरं. पण समुद्राचा भरवसा कोणी द्यावा? कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवलं, ती भिंत जुलैत ओल धरते. पावसाळ्यात प्लायला खरोखरच काही झालं नाही. बुरशी माझ्या कमरेच्या पट्ट्याला आली. पैसे वसूल झाले.

खोली दहा फुटांची. पलंग साडेसहा फूट. उरले साडेतीन फूट, म्हणजे बेचाळीस इंच. हँगर साधारण सतरा इंच रुंद असतो, म्हणून कपाट चोवीस इंच खोल करतात. दारं सरकती असली तर एकापुढे एक दोन दारं आणि त्यांचे रूळ यांना आणखी तीनेक इंच. सत्तावीस गेले तर माणसाला चालायला पंधरा राहतात. डिझायनरनं हा पेच एका क्षणात सोडवला: कपाट वीस इंचांचं केलं. आता आत हँगर सरळ बसत नाही, तिरका बसतो. माझे शर्ट एक खांदा पुढे काढून, लोकलच्या दारात लटकलेल्या माणसांसारखे प्रवास करतात. दार सरकवताना एखादी बाही बाहेर राहते. ती आत ढकलायची असते. त्याची मजा ज्याला सकाळी आठला ऑफिस गाठायचं आहे त्यालाच कळेल.

शिवाय सरकत्या दारांचा एक संसारी गुण कोणी सांगत नाही. एक बाजू उघडली की दुसरी झाकली जाते. पूर्वी आम्ही दोघं एकाच वेळी कपाटापुढे उभं राहून भांडायचो. आता मी हातरुमाल शोधत असताना हिला साडी काढता येत नाही, आणि हिची साडी ठरेपर्यंत मला रुमाल नाही. भांडण तेवढंच होतं, पण पाळीपाळीनं.

वरचा माळा छतापर्यंत नेला आहे. साडेसात फुटांवर त्याची दारं सुरू होतात, तिथं स्टुलाशिवाय हात पोचत नाही. स्टूल खोलीत वाईट दिसतं म्हणून ते माळ्यावर ठेवलं आहे.

पैठण्यांचा प्रश्न थोडा नाजूक होता. हिची आई सांगायची, पैठणी मलमलीत गुंडाळून अंधारात ठेवावी, चार महिन्यांनी घडी मोडून दुसरी घालावी, नाहीतर जर घडीवर तुटते. डांबरगोळी जरीला लागू देऊ नये, जर काळी पडते. आता या सगळ्या सूचना एका जुन्या, प्रकाशाला घाबरणाऱ्या समाजाच्या आहेत. नव्या कपाटात दार सरकलं की दिवा लागतो, आणि काचेतून आतला रंग दिसावा अशी योजना आहे. डिझायनर म्हणाली, ‘काकू, एवढं जांभळं आणि पोपटी एकत्र थोडं लाऊड होतंय.’ तिचं बरोबर होतं. पैठण्या गेल्या. पाठोपाठ सोलापुरी चादरी गेल्या, माझा मरून स्वेटर गेला, आणि ती पिशव्यांनी भरलेली पिशवी, जिच्याशिवाय मराठी माणसाला घरात परकं वाटतं, तीही गेली.

कुठं गेलं सगळं? हिरव्या कपाटात. ते भंगारात द्यायचं ठरलं होतं, पण भंगारवाला आला तेव्हा त्यात एवढं सामान होतं की तो जिन्यातूनच परत गेला. सध्या ते बाल्कनीत आहे, पावसाची झड लागू नये म्हणून वर जुनी मेणकापडी चादर. रोज सकाळी मी टॉवेल गुंडाळून बाल्कनीत जातो आणि कपडे घेऊन येतो. समोरच्या इमारतीतल्या जोशीकाकूंनी सुरुवातीला पडदा ओढला. आता हात करतात.

एक लाख ऐंशी हजार लागले. पाहुणे आले की आम्ही त्यांना आधी झोपायच्या खोलीत नेतो, दार सरकवतो, दिवा लागतो. सगळे दोन पावलं मागं सरकू बघतात, पण मागे पलंग असल्यामुळे त्यावर बसतात. आत तीन शर्ट आहेत. ते मुद्दाम आणले, तसल्याच रंगाचे. मला एक नंबर लहान होतात, पण मोठ्या मापात तो रंग नव्हता. टोपली मिळाली मंडईत. हॅटसाठी मात्र कॅम्पात तीन दुकानं हिंडलो. परवा उन्हात बँकेत जायचं होतं म्हणून मी ती घालायला काढली, तर ही म्हणाली, ‘अहो, ठेवा ती. कोनाडा ओका दिसतोय.’

मी डोक्यावर रुमाल टाकून गेलो.