चार भोकांचा ब्रॅकेट

भोसरीच्या एमआयडीसीत पंतांचं खरं आडनाव बँकेला आणि त्यांच्या सुनेलाच काय ते माहीत असावं. बाकी सगळे त्यांना सबसिडीपंत म्हणतात आणि तेही ओ देतात. लोखंडी पट्टी, एल आकारात वाकवलेली, तिला चार भोकं. हा एकच ब्रॅकेट पंतांची शेड चाळीसेक वर्षं काढते आहे. ब्रॅकेट तोच आहे. सरकारचं धोरण बदललं की त्याचं नाव तेवढं बदलतं. १९८४ साली सी-डॉट निघालं तेव्हा तो दूरसंचार यंत्रणेचा सुटा भाग होता. २०१९ मध्ये फेम-दोनचे दहा हजार कोटी जाहीर झाले आणि तो विजेच्या गाडीत जाऊन बसला. २०२१ मध्ये ड्रोनसाठी १२० कोटींची पीएलआय, म्हणजे उत्पादनाशी जोडलेली प्रोत्साहन योजना, आली, तेव्हा तर हा पाव किलोचा ठोकळा कागदोपत्री उडायलाही लागला.

पीएसआय म्हटलं की तुम्हाआम्हाला फौजदार आठवतो. पंतांना राज्य सरकारची सामूहिक प्रोत्साहन योजना आठवते, १९६४ पासूनची, सगळ्या सुधारणांसकट. पुण्यासारखा पुढारलेला भाग तिच्यात ‘अ’ गटात पडतो, म्हणजे पदरात फारसं काही पडत नाही. तालुका जितका मागास, तितकी सवलत मोठी. म्हणून पंतांनी एका ‘ड प्लस’ तालुक्यात प्लॉट घेऊन ठेवलाय. तिथे सध्या शेजारच्यांच्या म्हशी असतात. शाळेत ‘ड’ तुकडी मिळाली म्हणून रडलेल्या या माणसाने ‘ड प्लस’ मिळाला म्हणून अख्ख्या गाळ्यांच्या रांगेत पेढे वाटले होते.

पंतांना आळशी मात्र म्हणू नका. त्यांच्याएवढं मी कुणालाच राबताना पाहिलेलं नाही. सीएकडे चकरा, जिल्हा उद्योग केंद्रात चकरा, प्रोजेक्ट रिपोर्टच्या सात प्रती, प्रत्येक पानावर सही-शिक्का. आधी पैसे घाला, मग क्लेम करा, मग हप्त्याची वाट पाहा, असा हा मामला. मंजूर झालेली रक्कम हातात पडेपर्यंत तिच्या मागे धावण्यात जे जातं त्याचा हिशेब त्यांनी कधी मांडला नाही, आणि आपणही त्यांना मांडायला लावू नये.

घरच्या घरी संशोधन करणाऱ्या कंपन्यांना आयकरात २०० टक्के वजावट होती, तो पंतांच्या वैज्ञानिक आयुष्याचा सुवर्णकाळ. शेडच्या कोपऱ्यात ॲल्युमिनियमचं पार्टिशन उभं राहिलं, दारावर ‘आर अँड डी’ अशी पाटी आली आणि आत खुंटीला एक पांढरा कोट लागला. २०१७ मध्ये वजावट १५० वर आली, २०२० नंतर १०० वर. पंतांचं संशोधनही त्याच दराने उतरत गेलं. आता तिथे डबे खातात.

खरं संशोधन पार्टिशनच्या बाहेर चालायचं. फोरमनने एकदा भंगारातून असं फिक्श्चर जुळवलं की चार फटक्यांत पडणारी चार भोकं एका फटक्यात पडायला लागली. पण फोरमन नववी नापास. ‘संशोधन कर्मचारी’ या रकान्यात पदवी विचारतात. तेव्हा तपासणीच्या दिवशी त्याला सुट्टी आणि कोटात पंतांचा बी.कॉम. भाचा.

वाढण्याबद्दलही पंतांचे विचार पक्के आहेत: वाढायचं नाही. ‘सूक्ष्म’ उद्योगाची उलाढालीची मर्यादा पाच कोटी होती, तोवर दरवर्षी फेब्रुवारी उजाडला की पंत गिऱ्हाइकांचे फोन उचलत नसत. एप्रिल २०२५ मध्ये ती दहा कोटींवर गेली. आता उचलतात.

चहाच्या टपरीवर मात्र त्यांचा मुक्काम पूर्वेला. “तैवान बघा! ८७ साली टीएसएमसी काढली, जवळजवळ निम्मं भांडवल सरकारचं. कोरिया बघा, स्वस्त कर्जं दिली!” यातलं काहीही खोटं नाही. पण टीएसएमसी ही चिप कंपनी निघण्याच्या दशकभर आधी तैवानने आपले इंजिनिअर आरसीए या अमेरिकन कंपनीकडे चिपा बनवायला शिकायला धाडले होते, आणि कोरियात राष्ट्राध्यक्ष पार्क दरमहा स्वतः बैठकीला बसून निर्यातीचा हिशेब मागत. निर्यात केलीत तर कर्ज. हा भाग निघाला की पंत टपरीवाल्याला “अजून एक कटिंग” म्हणतात. मोहालीच्या सरकारी चिप कारखान्याला १९८९ मध्ये आग लागली, तो विषयही त्यांना आवडत नाही. त्यात अनुदानाचा प्रसंगच येत नाही.

त्यांची खरी जखम २०२२ ची. तळेगावला वेदांत-फॉक्सकॉनचा चिप कारखाना येणार म्हणून पंतांनी ‘सेमिकंडक्टर इकोसिस्टिम भागीदार’ अशी कार्डं छापली होती. सप्टेंबरात प्रकल्प गुजरातला गेला. टीव्हीवर पक्ष एकमेकांवर धावून गेले. पंतांनी गुजरातीत कार्डं छापली. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉननेच भागीदारीतून अंग काढून घेतलं. पंतांनी काढलं नाही. साणंदला मायक्रॉन येतंय, धोलेऱ्याला टाटा येतायत, चिपा ठेवायला कुठेतरी मांडणी लागेल, मांडणीला ब्रॅकेट लागेल.

परवा मी गेलो तर टेबलावर नवी फाइल. जुलै २०२५ मध्ये केंद्राने संशोधन आणि नवनिर्मितीसाठी एक लाख कोटींची योजना मंजूर केली, तिची. पंतांनी ब्रॅकेटचं नाव ठरवूनही टाकलं होतं. त्यात ‘क्वांटम’ हा शब्द दोनदा येत होता. मी कागद चाळले आणि म्हटलं, “पंत, हे अनुदान नाही. मुख्यतः कर्ज आहे. मुदत लांबची, व्याज कमी किंवा शून्य, पण कर्ज.”

पंतांनी चष्मा काढला. “म्हणजे परत द्यायचं?”

“परत द्यायचं. आणि तंत्रज्ञान प्रयोगशाळेत तरी चालून दाखवलेलं हवं.”

ते बराच वेळ डबे खायच्या खोलीकडे बघत राहिले. मग प्रेसच्या आवाजावर आवाज चढवून त्यांनी फोरमनला हाक मारली.

“अरे, पाचवं भोक पाडता येईल का रे?”